मदत हवी आहे: अटलांटा ते मेम्फिस, मधली ठिकाणं दोन दिवसांत बसतील का?

उंबरठा: कॉलेजातली एक मैत्रीण अटलांटात, दुसरी मेम्फिसला. दोघींकडे राहायचंय आणि मधे अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्या जागा बघायच्यात: मॉन्टगोमेरी, सेल्मा, बर्मिंगहॅम. दोन दिवस पुरतील ना? लवकर सांगा प्लीज, आज रात्रीच हॉटेल बुक करायचंय.

चहाबाज: कोण कोण आहात? गाडी भाड्याची का? आणि वार कुठले?

फिरस्ता: त्यापेक्षा सरळ ओरलँडोला जा. आम्ही गेलो होतो, मुलं जाम खूश.

उंबरठा: मुलं नाहीत हो बरोबर. मी, नवरा, सासरे. सोमवारी सकाळी अटलांटाहून निघून मंगळवारी रात्री मेम्फिस. बुधवारी दुपारी परतीचं विमान.

चहाबाज: मग बोंबला! मॉन्टगोमेरीचं लेगसी म्युझियम (गुलामगिरीपासूनचा इतिहास) आणि लिंचिंगचं, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या काळ्यांचं स्मारक सोमवार-मंगळवार बंद असतं. बुधवारी निघा. बुधवारी मॉन्टगोमेरी, गुरुवारी सेल्मा करून बर्मिंगहॅम, शुक्रवारी मेम्फिस. अलाबामात घड्याळ एक तास मागे, तो तास फुकटात. मेम्फिसचं नागरी हक्क म्युझियम (लॉरेन मोटेल, मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली ती जागा) मंगळवारी बंद, पण तुम्हाला आता अडचण नाही. वेबसाइट एकदा बघून घ्या.

गणपतराव_ह्यूस्टन: सेल्मा वगळा. एक पूल आहे, बाकी गाव ओस.

निळीशाई: एक पूल?! ७ मार्च १९६५ ला मतदानाचा हक्क मागत निघालेल्या सहाशे माणसांना पोलिसांनी त्याच पुलापाशी झोडपलं. गाडीतून ओलांडू नका, उतरून चाला. मधे चढ असा आहे की पलीकडचा रस्ता माथ्यावर पोचल्यावरच दिसतो. मोर्च्याला पोलिसांची रांग तिथूनच दिसली होती.

गणपतराव_ह्यूस्टन: मी चाललोय. दहा मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी वाकडी वाट?

निळीशाई: मॉन्टगोमेरीपासून पन्नासेक मैल. त्याच महिन्यात पुन्हा निघून ते लोक हे अंतर पायी गेले.

पोटोबा: शाकाहारी आहात का? मेम्फिस म्हणजे बार्बेक्यू.

उंबरठा: खातो सगळं. पण विमानाचं तिकीट बदलायचं म्हणजे पैसे जाणार. मॉन्टगोमेरी वगळली तर? सासऱ्यांना मुख्य म्हणजे लॉरेन मोटेल बघायचंय. ते १९७२ साली मुंबईत पँथरमध्ये होते.

चहाबाज: अहो, हे आधी सांगायचं! तिकीट बदला. त्या स्मारकात ८०० च्या वर पोलादी खांब आहेत, एकेका काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकेक, त्यावर मारलेल्यांची नावं. सुरुवातीला आपल्या उंचीचे असतात, मग जमीन उतरत जाते आणि ते डोक्यावर लटकायला लागतात. दलित पँथरच्या माणसाला घेऊन तिथवर जाणार आणि हे बंद दाराबाहेरून?

निळीशाई: बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि आपल्या प्रश्नातल्या साम्याबद्दल. सासऱ्यांना ठाऊक असेलच.

उंबरठा: त्यांनीच मला सांगितलं. बरं, अटलांटावाली म्हणतेय दोन दिवस जास्त राहा, मेम्फिसवालीला विचारते. पण उतार म्हणालात ना? त्यांचे गुडघे गेलेत. तिथे व्हीलचेअर मिळते का?

फिरस्ता: ओरलँडोला मिळते.