टाचेवर शॉकवेव्ह: आधी की शेवटी?

खडूची पूड
गेले सात महिने सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-बारा पावलं चालले की जरा सैल पडतं. मग वर्गात चार तास उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा तेच. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. परवा एका ठिकाणी दाखवायला गेले, तर पहिल्याच भेटीत हातात शॉकवेव्हचं, म्हणजे मशीनने टाचेवर ठोके देण्याचं पॅकेज. पाच सिटिंग, नऊ हजार, आजच भरले तर एक सिटिंग फुकट! साड्यांचा सेल लागल्यासारखं. मी उठून आले.

माझं मत असं की हे मशीन शेवटच्या पायरीवरचं आहे आणि आपल्याकडे ते पहिल्या पायरीवर विकलं जातंय. सात महिन्यांत मला कुणी एक व्यायाम धड करून दाखवला नाही. सासूबाईंचं मत वेगळंच: "विजेचे शॉक कशाला घेतेस, रुईचं पान गरम करून बांध." ज्यांनी घेतलंय, ज्यांनी दिलंय, त्यांनी बोला.

घाटपळ्या
पूर्ण असहमत. मला चौदा महिने हेच दुखणं होतं. बूट बदलले, इनसोल घातले, बर्फ लावला, बाटली पायाखाली फिरवली. पळणं बंद. शेवटी चार सिटिंग घेतली. पहिल्या सिटिंगला डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण दोन-अडीच महिन्यांत पुन्हा दहा किलोमीटर पळायला लागलो. पैसे वसूल.

शंकासुर
घाटपळ्या, अभिनंदन. पण हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असंही असू शकतं. या दुखण्याचा स्वभावच असा की बहुतेकांचं वर्षभरात आपोआप कमी होतं. वैतागाच्या टोकाला माणूस जो उपाय करतो, श्रेय त्याला मिळतं.

म्हणून तर खोट्या मशीनशी, म्हणजे दिसायला तसंच पण खरा दणका न देणाऱ्या मशीनशी, तुलना करावी लागते. 2002 साली ऑस्ट्रेलियात 166 जणांवर चाचणी झाली. खरी आणि नावापुरती, दोन्ही गटांत सारखाच आराम. 2003 साली जर्मनीत 272 जण: बारा आठवड्यांनी खऱ्या गटात 34 टक्के बरे, खोट्या गटात 30. म्हणजे ताईंच्या नऊ हजारांपैकी बहुतेक रक्कम मशीनच्या आवाजाची.

कोल्हापुरी फिजिओ
माझ्याकडे मशीन आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको.

सासूबाईंसाठी: यात वीज अंगात जात नाही. ही दाबाची लहर असते. मूळ मशीन मुतखडा फोडायचं. फेब्रुवारी 1980 मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर वापरलं, बनवणारी डॉर्नियर ही विमानांची कंपनी. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी असतं ते त्याहून सौम्य, रेडियल. हँडपीसमध्ये हवेच्या दाबाने एक छोटी गोळी पुढे आदळते आणि तो दणका कातडीतून आत पसरतो. एका सिटिंगला साधारण 2000 ठोके, आठवड्यातून एकदा, तीन ते पाच वेळा. आणि ताई, ते वाढलेलं हाड यात फुटत नाही, फोडायचंही नसतं. तसं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत दिसतं. दुखतो तो तळव्याचा जाड पडदा, टाचेला चिकटतो तिथे.

आता शंकासुरा, तुझे दोन्ही अभ्यास मला पाठ आहेत. ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत सहा आठवड्यांचं दुखणंसुद्धा घेतलं होतं. ते तसंही बरं होणार. जर्मनीत जागा बधिर करून ठोके दिले. बधिर केल्यावर परिणाम कमी होतो, हे नंतर दिसलं. 2008 ची रेडियलची चाचणी बघ, सहा महिन्यांहून जुनं दुखणं, बधिर न करता: 61 टक्के विरुद्ध 42.

शंकासुर
तो 42 पुन्हा एकदा वाच. खोट्या मशीनवर शंभरातले बेचाळीस बरे!

कोल्हापुरी फिजिओ
आणि एकसष्टातून बेचाळीस गेल्यावर उरलेले एकोणीस? ते माझ्या दारात येतात. त्यांना काय सांगू, तुम्ही सांख्यिकीत बसत नाही?

निवांत काकू
मध्येच विचारते. माझा खांदा. सोनोग्राफीत स्नायूच्या दोरीत कॅल्शियम साठलंय म्हणाले. त्यालाही हेच का?

कोल्हापुरी फिजिओ
काकू, कॅल्शियम असलेल्या खांद्यावर याचा पुरावा बऱ्यापैकी चांगला आहे. पण तिथे फोकस्ड मशीन लागतं, खोल एका जागी मारणारं. नुसता खांदा दुखतोय, कॅल्शियम नाही, तर मी स्वतः नाही म्हणतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? असेल तर मशीनआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात, गाठीवर, वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर आम्ही लावत नाही.

शंकासुर
खांद्यावर एकमत. नोंद घ्यावी, असं वारंवार होत नाही.

टाचेवर मात्र नाही. 2024 ची ऑस्लोची चाचणी काढतो. 200 रुग्ण, चार गट. सगळ्यांना इनसोल आणि नीट समजावून सांगणं. त्यावर एका गटाला खरं रेडियल, एकाला खोटं, एकाला व्यायाम, एकाला काहीच जास्त नाही. सहा महिन्यांनी चारही गट जवळजवळ सारखे. रुग्ण जुनेच होते, तुझा तो आक्षेपही इथे चालणार नाही.

कोल्हापुरी फिजिओ
वाटच बघत होतो. त्याच चाचणीत व्यायामही पडला की! मशीनला झोडपायला ऑस्लो, आणि ताईंना सांगणार व्यायाम करा. हा कुठला न्याय?

शंकासुर
बरोबर. व्यायामही पडला, मान्य. पण व्यायामाला नऊ हजार लागत नाहीत, आणि आज केलात तर एक फुकट असंही कुणी सांगत नाही. दोन उपाय सारखेच लंगडे असतील तर मी आधी स्वस्त लंगडा घेईन.

घाटपळ्या
तुम्ही दोघं आकड्यांत खेळा. मला चौदा महिन्यांनी पळता आलं. खोट्या मशीनने आलं असतं तरी मी पैसे दिले असते.

शंकासुर
हे मात्र प्रामाणिक आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

खडूची पूड
माझा मुद्दा बाजूलाच राहिला. मशीन चालतं की नाही हे तुम्ही ठरवा, माझी तक्रार क्रमाची आहे. कोल्हापूरकर, तुमच्याकडे मी पहिल्या दिवशी आले असते तर?

कोल्हापुरी फिजिओ
पहिल्या दिवशी मशीनवर कापड झाकलेलंच असतं. जिन्याच्या पायरीवर उभं करतो, टॉवेल गुंडाळून बोटांखाली, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. जमायला लागलं की पाठीवर दप्तर, त्यात पुस्तकं. डेन्मार्कमध्ये 2015 साली हे 48 जणांवर करून बघितलं. तीन महिन्यांनी नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा बरं निघालं, वर्षाने दोन्ही गट सारखे. म्हणजे लवकर सुटका, एवढंच. यातून तीन-चार महिने काहीच हललं नाही तर मशीनवरचं कापड काढतो. आणि घरात अनवाणी फिरू नका, शहाबादी फरशी असेल तर मुळीच नको.

खरं सांगू, असं सांगितलं की निम्मे रुग्ण पुन्हा येत नाहीत. समोरच्याकडे जाऊन पॅकेज घेतात. व्यायाम सांगायला पैसे घेतले तर म्हणतात, मशीन तर लावलंच नाही.

शंकासुर
हे आधी बोलला असतास तर अर्धा धागा वाचला असता.

कोल्हापुरी फिजिओ
आधी बोललो असतो तर तू 2002 कुठे खपवलं असतंस? टाचेवर मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही.

खडूची पूड
जिन्यात टॉवेल घेऊन उभी आहे. सहा वेळाच जमलं, पोटऱ्या थरथरतायत. सासूबाई खालून विचारतायत, काय पडलं का गं तिथे?

शंकासुर
कठड्याला धरा.