डी2 च्या पंचला वरून नायट्रायडिंग करून घ्यावं का?

कुपवाड_प्रेसशॉप:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे, 2 एमएम एचआर (हॉट रोल्ड) शीटचे ब्रॅकेट काढतो. पंच डी2 टूल स्टीलचा, कडकपणा 60-61 एचआरसी, तरी पाच-सहा हजार स्ट्रोकला धार बोथट होते, पीसच्या कडेला बर (खरखरीत कंगोरा) येतो मग टूल उतरवून ग्राइंडिंगला न्या, अर्धी शिफ्ट त्यातच जाते. शेजारचे म्हणतात नायट्रायडिंग (भट्टीत नायट्रोजन मुरवून वरचा थर कडक करणं) मारून घे, लई टिकतंय. हाच तयार पंच पाठवला तर चालेल का? का केस हार्डनिंग (वरच्या थरात कार्बन घालून कडक करणं) बरं?

भट्टीवाला_मिरज:
दादा केस हार्डनिंग विसरा, ते कमी कार्बनच्या स्टीलला. डी2 मध्ये मुळातच दीड टक्का कार्बन आहे, अजून घालून करणार काय. नायट्रायडिंग मात्र चांगलं बसतं कारण 12 टक्के क्रोमियम आहे, वरच्या थराचा कडकपणा 1000 व्हिकर्सच्या पुढं जातो. पण ज्यांनी पाणी दिलं (हार्डनिंग केलं) त्यांना आधी विचारा टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला परत तापवणं) किती डिग्रीला केलं. 60-61 म्हणजे बहुतेक 200 डिग्रीच्या आसपास असणार, आणि नायट्रायडिंगची भट्टी 500 च्या आसपास कितीतरी तास चालते. तसा पंच आत गेला की गाभ्याचा कडकपणा उतरतो, साइझ पण हलते. नवीन करताना 520 ला दोन-तीनदा टेंपर करायला सांगा, 58-59 आलं तरी चालतंय, आणि नायट्रायडिंग त्याच्या खालीच ठेवायचं.

सातारा_डायमेकर:
बरोबर. पण धारेच्या कोपऱ्यात नायट्रोजन दोन्ही अंगांनी शिरतो, कड ठिसूळ होते. आम्ही एकदा थर जाड घेतला आणि पहिल्याच दिवशी टवके उडाले, तो पंच अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नव्या पोरांना दाखवतो. 0.05 ते 0.1 एमएम थर पुरे, प्लाझ्मा पद्धतीनं करा आणि व्हाइट लेयर (वर येणारा ठिसूळ पांढरा थर) नको म्हणून स्पष्ट सांगा. ग्राइंड केल्यावर तोंडावरचा थर जातो पण बाजूचा राहतो, झीज बाजूनंच जास्त असते.
आणि एचआर शीटवरची काळी खपली पॉलिश पेपरसारखी घासते बघा, पिकल केलेली (ॲसिडनं खपली काढलेली) शीट मिळते का विचारा. पंच आणि डायमधला क्लिअरन्स (फट) किती आहे?

टूलरूम_पोरगा:
टीआयएन (टायटॅनियम नायट्राइड) कोटिंग केलं तर? 2-3 मायक्रॉनच असतं म्हणे.

भट्टीवाला_मिरज:
चालतं की, 2000 व्हिकर्सच्या वर कडक असतं. पण पीव्हीडी (हे कोटिंग चढवायची पद्धत) पण बऱ्याचदा 450 च्या आसपास होतं, म्हणजे टेंपरिंगचा प्रश्न तिथंही आलाच.

कुपवाड_प्रेसशॉप:
जॉब कार्ड शोधलं, टेंपरिंग 210 लिहिलंय, म्हणजे हा पंच पाठवत नाही. डाय उघडून मोजली तर क्लिअरन्स एका बाजूला 0.05 एमएमच, म्हणजे फारच कमी निघाला!! इतके दिवस आम्ही स्टीललाच दोष देत होतो.

सातारा_डायमेकर:
2 एमएमला मी एका बाजूला 0.12 ते 0.16 ठेवतो. आधी तेवढंच करा, नायट्रायडिंग नंतर.

कुपवाड_प्रेसशॉप:
0.14 करतोय, सोमवारी टूल परत चढवणार. स्ट्रोक किती येतात ते इथंच टाकतो.