आंब्याच्या ढोलीत मोठी तांबूस अळी: टॉक्सोऱ्हिंकायटिस असेल का?

पैनगंगाकाठ:
किनवटकडे बांधावरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत पाणी साचलंय. ईडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या, अळ्यांत दोन तांबूस अळ्या आहेत, दीड सेंटिमीटरच्या, अंगावर राठ केस. दुसऱ्या डासांच्या अळ्या खाणाऱ्या मोठ्या डासाची, टॉक्सोऱ्हिंकायटिसची, अळी म्हणायची का? वाढवायच्या कशा? अन् रांजणात सोडल्या तर डेंग्यूचे डास कमी होतील का?

बालाघाटकर:
ताई, वर्णन जुळतंय. ल्युत्झिया नावाच्या डासाची अळीही दुसऱ्या अळ्या खाते, म्हणून भिंगातून शेपटाकडची श्वासनळी बघा. ल्युत्झियाच्या नळीवर काट्यांची लांब ओळ असते, टॉक्सोऱ्हिंकायटिसला ती नसतेच.

दोघींना आजच वेगळं करा, नाहीतर एक दुसरीला खाऊन टाकेल. प्रत्येकीला वेगळा पेला, त्यात फडक्यातून गाळलेलं ढोलीचंच पाणी, तीन-चार सेंटिमीटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते नको. रोज ईडिसच्या दहा-बारा अळ्या घाला आणि मेलेल्या लगेच काढा. त्या कुजल्या की पाण्यावर साय धरते, अळीला वर येऊन श्वास घेता येत नाही. इथंच बहुतेकांच्या अळ्या जातात. कोषात जायच्या आधी ती न खाता नुसत्या मारत सुटते. तेव्हा खाद्य बंद करा.

कोष झाला की जाळी बांधलेल्या बरणीत ठेवा. पाच-सहा दिवसांत डास निघतो: मोठा, चकचकीत खवल्यांचा, सोंड खाली वाकलेली. मादीसुद्धा रक्त पीत नाही. खायला शंभर मिली पाण्यात दहा ग्रॅम साखर, त्यात भिजवलेला कापूस; तो रोज बदला, बुरशी येते.

औंढ्याचा_कीटकमित्र:
रांजणाचं विसरा. हवाई, फिजी बेटांवर हे डास मुद्दाम आणून सोडले होते, पण त्यांच्या जिवावर डेंग्यू थांबत नाही. मादी उडता उडता सावलीतल्या ढोलीत, बांबूच्या खुंटात अंडी टाकते; घरातला रांजण तिला सापडत नाही. वाढही सावकाश, ईडिस आठ-दहा दिवसांत उडतो. आपल्याकडं आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं साठवण टळत नाही. झाकण घट्ट बसवा, आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून आतली कड काथ्यानं घासा. ईडिसची अंडी कडेलाच चिकटलेली असतात. मोठ्या हौदात गप्पी मासे.

बालाघाटकर:
अळीची अन् कोषाची कात फेकू नका. ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, प्रत्येक डासाला क्रमांक द्या आणि तोच पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये उतरते. प्रजाती ठरवायला कात उपयोगी पडते. अन् अभयारण्याच्या हद्दीतून काही उचलायचं तर आधी वनविभागाची परवानगी घ्या.