तयार चामड्याचा कारखाना: कच्च्या कातड्यापासून की वेट ब्लूपासून?

खटपट्या:
नव्या माणसाने कच्च्या कातड्याला हातच लावू नये. वेट ब्लू, म्हणजे क्रोमने कमावलेलं ओलं, निळसर कातडं, विकत घ्यावं आणि पुढचं आपण करावं: जाडी तासणं, रीटॅनिंग (पुन्हा कमावणं), रंग, तेल, वाळवण, बफिंग (घासून गुळगुळीत करणं), फिनिश. सांडपाण्यातली बहुतेक सेंद्रिय घाण चुन्या-सल्फाइडच्या केस काढणीतच तयार होते. ती गळ्यात का घ्या?

रोखठोक:
साफ असहमत. घाण दुसऱ्याकडे ठेवलीत की दर्जाही त्याच्याच हातात. कातडं चुन्यात जास्त मुरलं की ग्रेन, म्हणजे वरचा थर, सैल पडतो. बूट घातल्यावर सुरकुत्या दिसतात. मग झाकायला रेझिनचा जाड थर मारा आणि चामड्याच्या भावाने प्लास्टिक विका!

खटपट्या:
सैल ग्रेन वेट ब्लू वाकवून पाहिलं तरी बराचसा कळतो. उलट कच्च्या मालावर केस असतात, गोचिडीचे डाग नि तारेचे ओरखडे त्याखाली लपतात. आंधळा सौदा तुमचाच. शिवाय टनभर खारवलेल्या कातड्यातून तयार चामडं निघतं साधारण २०० ते २५० किलो. बाकीचं कुठे टाकणार?

रोखठोक:
टाकायचं कशाला? चुन्यातून निघालेल्या तुकड्यांचं जिलेटिन होतं. क्रोम लागलं की तो धंदा अवघड. तुमच्या वाट्याला तासताना निघालेला क्रोमचा भुसा तेवढा.

काठावरचा:
पैशाचं चाललंय म्हणून सांगतो. केस काढणीतलं सल्फाइडचं पाणी आणि पिकलिंगचं, म्हणजे कमावण्याआधीच्या आम्लाच्या अंघोळीचं, आम्ल एका गटारात आलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. जास्त प्रमाणात त्याचा वासही येईनासा होतो. एक कामगार टाकीत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघंही जातात. दोन वेगळ्या वाहिन्या आणि प्रशिक्षित माणसं नसतील तर खटपट्या म्हणतात तेच करा.

पण खटपट्या, तुम्हीही सुटला नाहीत. युरोपीय संघात मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत क्रोम-सहा, म्हणजे क्रोमचं घातक रूप, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत लागतं. कमावताना वापरतात ते क्रोम-तीन. त्याचं सहा होतं ते बऱ्याचदा पुढे, चुकीच्या तेलाने नाहीतर पीएच फार चढवल्याने. म्हणजे तुमच्याच ढोलात, रंग-तेल देण्याच्या फिरत्या पिंपात.

खटपट्या:
मान्य. म्हणूनच पहिला खर्च प्रयोगशाळेवर, स्प्रे मशीन नंतर.

रोखठोक:
आणि वेट ब्लूवाल्याने भाव चढवला की?

खटपट्या:
दोन पुरवठादार ठेवायचे. तुमचा खाटीक काय भाव बांधून देतो का?