प्रमाणपत्रं घेऊनही '१०० टक्के नवीकरणीय' हा दावा तपासणीत का अडतो?

हिशेबवही:
वर्षाचा वापर २१ लाख ५० हजार युनिट. त्यातली ३ लाख १० हजार छतावरच्या सोलरची, बाकी १८ लाख ४० हजार ग्रिडची. ग्रिडच्या विजेसाठी १,८४० प्रमाणपत्रं घेतली (एक प्रमाणपत्र म्हणजे १,००० युनिट नवीकरणीय वीज तयार झाल्याची नोंद). तपासनिसांच्या दोन हरकती आहेत: सोलरची वीज धरता येत नाही आणि काही प्रमाणपत्रांचं साल जुनं आहे. पुढच्या वर्षी सुटी प्रमाणपत्रंच (विजेपासून वेगळी विकली जाणारी) घ्यावीत की वीजप्रकल्पाशी थेट खरेदीचा करार करावा?

फीडर_११:
आधी सोलरचा करार काढा. छतावरचा संच विकासकाच्या, म्हणजे तो उभारणाऱ्या कंपनीच्या, मालकीचा असेल, तर प्रमाणपत्रांचा हक्क कुणाकडे हे एका कलमात लिहिलेलं असतं. ती त्याने दुसऱ्याला विकली असतील, तर वीज तुमच्याच तारेतून येऊनही तिचा हरितपणा विकत घेणाऱ्याचा झाला. मग १,८४० पुरत नाहीत, पूर्ण २,१५० लागतात. ही चूक फार जणांची होते, कारण पॅनेल डोळ्यांसमोर असतं आणि करार फायलीत.

मीटरवाचक:
सालाबद्दल. ज्या वर्षाचा वापर, त्याच्या आसपासचीच निर्मिती धरतात. अमेरिकेतल्या 'ग्रीन-ई' या हरित वीज प्रमाणित करणाऱ्या योजनेचा नियम २१ महिन्यांचा आहे: २०२५ च्या वापरासाठी जुलै २०२४ ते मार्च २०२६ मधली निर्मिती चालते. युरोपातल्या प्रमाणपत्राचा व्यवहार निर्मितीपासून १२ महिनेच करता येतो आणि १८ महिन्यांत रद्द केलं नाही तर ते बाद होतं.

'रद्द करणं' हा शब्द ऐकायला उलटा वाटतो, पण सगळा व्यवहार त्यावरच उभा आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे प्रमाणपत्रांच्या अधिकृत नोंदवहीत, प्रमाणपत्र तुमच्या नावे वापरलं म्हणून रद्द झालं, की ते पुन्हा कुणाला विकता येत नाही. विक्रेत्याचं बिल हा पुरावा नव्हे. रद्द केल्याचा रजिस्ट्रीचा दाखला मागा आणि त्यावर चार गोष्टी बघा: लाभार्थी म्हणून तुमचं नाव, वापराचं वर्ष, प्रकल्प, अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत. नावाच्या जागी दलालाचं नाव असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

हे इतकं काटेकोर का, ते आइसलँडच्या उदाहरणावरून कळतं. तिथली जवळजवळ सगळी वीज जलविद्युत आणि भूऔष्णिक. प्रमाणपत्रं युरोपात विकली जात होती, आणि तिथले मोठे औद्योगिक ग्राहकही आपण हरित वीज वापरतो असं सांगत होते. एकाच युनिटचे दोन दावे! म्हणून २०२३ मध्ये तिथल्या प्रमाणपत्रांची निर्यात काही काळ थांबवली गेली.

वाऱ्याची_दिशा:
सुटी प्रमाणपत्रं हिशेबात चालतात, पण जुन्या, कर्ज फिटलेल्या धरणाचं प्रमाणपत्र घेतल्याने नवी पवनचक्की उभी राहत नाही. म्हणूनच आरई१०० ने (१०० टक्के नवीकरणीय वीज वापरण्याचं वचन देणाऱ्या कंपन्यांचा जागतिक उपक्रम) २०२४ पासून बहुतेक खरेदीसाठी १५ वर्षांच्या आतले प्रकल्प ही अट घातली. माझं मत स्पष्ट आहे: वापर मोठा आणि दहा वर्षं टिकणारा असेल, तर करारच करा, कारण त्या कराराच्या भरवशावर विकासकाला कर्ज मिळतं. तुमचा वापर एकट्याने करार करण्याइतका नाही, तेव्हा दोन-चार खरेदीदार मिळून करा. तोवर नव्या प्रकल्पाची प्रमाणपत्रं घ्या.

अशा कराराचा एक प्रकार आभासी. त्यात वीज तुमच्याकडे येत नाही, फक्त ठरलेला दर आणि बाजारभाव यांतला फरक मिटवला जातो. समजा, ठरलेला दर ५० आणि बाजारभाव ४२ असला तर तुम्ही ८ द्यायचे. भाव ६१ झाला तर विकासक तुम्हाला ११ देतो. प्रमाणपत्रं मात्र तुमची.

हिशेबवही:
आभार. भाव शून्याखाली गेला तर?

वाऱ्याची_दिशा:
उणे १० भावाला तुमच्यावर ६० चा बोजा पडतो. भर दुपारी सगळे सोलर प्रकल्प एकदम वीज ओततात तेव्हा असं होतं. त्यामुळे 'शून्याखालच्या तासांचा हिशेब होणार नाही' हे कलम सहीआधी घालून घ्या. त्या तासांची प्रमाणपत्रं कुणाची, तेही तिथेच लिहा.

मीटरवाचक:
एक राहिलं. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या मानकाच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अहवालात विजेमुळे होणाऱ्या उत्सर्जनाचे दोन आकडे लागतात: ग्रिडच्या सरासरीवरचा आणि प्रमाणपत्रं धरून काढलेला. दुसरा शून्य आला तरी पहिला गाळू नका.