अ‍ॅडा : एकाच नावाच्या दोन प्रोसिजर असताना प्राग्मा इनलाइन कोणाला लागू होतो?

प्रश्न :
नमस्कार. अ‍ॅडा या प्रोग्रामिंग भाषेतील एका जुन्या प्रकल्पाची देखभाल माझ्याकडे आली आहे. त्यातील एका पॅकेजच्या स्पेसिफिकेशनमध्ये (बाहेरून दिसणाऱ्या घोषणांच्या भागात) ‘नोंदव’ नावाच्या दोन प्रोसिजर (नावाने बोलावता येणारे कोडचे भाग) आहेत. पहिली पूर्णांक घेते आणि जेमतेम दोन ओळींची आहे. दुसरी स्ट्रिंग घेते आणि बरीच मोठी आहे. दोन्ही घोषणांच्या खाली प्राग्मा इनलाइन (कॉलच्या जागी प्रोसिजरचा कोडच भरावा, अशी कंपायलरला सूचना) असून त्यात केवळ नाव दिले आहे. मला फक्त छोटी प्रोसिजर इनलाइन हवी आहे. कंपायलर दोहोंतून निवड कशी करतो?

उत्तर १ :
तो निवड करतच नाही. कॉलमध्ये, म्हणजे प्रोसिजर बोलावताना, आपण दिलेल्या मूल्यांच्या टाइपवरून कोणती प्रोसिजर अभिप्रेत आहे हे ठरते. प्राग्मामध्ये नुसते नाव असल्याने तसा आधारच उरत नाही. म्हणून १९८३ च्या मानकापासूनच नियम असा आहे की, त्याच घोषणाविभागात प्राग्माच्या आधी घोषित झालेल्या त्या नावाच्या सर्व उपप्रोग्रामना (प्रोसिजर व फंक्शने) तो लागू होतो. यातील ‘आधी’ हा शब्द निर्णायक आहे. छोटीची घोषणा, लगेच प्राग्मा आणि त्यानंतर मोठीची घोषणा असा क्रम लावल्यास मोठी वगळली जाते. मात्र उद्या कोणी नीटनेटकेपणासाठी घोषणा एकत्र आणल्या, तर अर्थ बदलेल आणि कंपायलर अवाक्षरही काढणार नाही. एवढी नाजूक रचना मी तरी ठेवणार नाही.

उत्तर २ :
अ‍ॅडा २०१२ वापरता येत असेल, तर इनलाइन हा अ‍ॅस्पेक्ट (घोषणेतच लिहिलेला गुणधर्म) म्हणून त्या एकाच घोषणेला ‘विथ’ने जोडावा. त्या आवृत्तीत प्राग्मा इनलाइन कालबाह्य सुविधांच्या परिशिष्टात गेला आहे. सी भाषेतील फंक्शने आयात करताना ही काळजी अधिकच घ्यावी लागते, कारण तेथेही आयातीचा प्राग्मा नुसत्या नावावर चालतो आणि सी भाषेतील एका बाह्य नावाला वेगवेगळ्या पॅरामीटरच्या दोन प्रोसिजर जोडल्या जाण्याचा धोका असतो. जुन्या आवृत्तीत मी प्रत्येक फंक्शन स्वतंत्र नावाने आयात करतो आणि मग ‘रिनेम्स’ (दुसरे नाव देण्याची सोय) वापरून त्यांना समान नाव देतो.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. अ‍ॅस्पेक्ट लिहिल्यावर इनलाइन होईलच ना?

उत्तर १ :
तशी हमी नाही. मानकानुसार ती केवळ शिफारस आहे. नॅट (GNAT) या अ‍ॅडा कंपायलरला दुसऱ्या युनिटमधील (स्वतंत्रपणे कंपाइल होणाऱ्या भागातील) कॉल इनलाइन करण्यासाठी वेगळा स्विच द्यावा लागतो. तो दिल्यावर पॅकेजची बॉडी (प्रत्यक्ष कोडचा भाग) बदलली, की ती वापरणारी युनिटेही पुन्हा कंपाइल होतात, त्यामुळे मोठी प्रोसिजर आवर्जून वगळावी.