सहा जणांच्या गायनगटाने नाताळच्या गाण्यांचा अल्बम कसा ध्वनिमुद्रित करावा?

प्रश्न: मध्यसप्तक

आम्ही सहा जण वाद्यांच्या साथीशिवाय गातो: उंच आवाजापासून खर्जाकडे, दोन सोप्रानो, एक आल्टो, दोन टेनर आणि एक बेस. नाताळची गाणी आम्ही कार्यक्रमांतून बरीच वर्षे गात आलो आहोत, आणि आता त्यांतली दहा-बारा निवडून चाळीसेक मिनिटांचा अल्बम काढायचे ठरले आहे. गाणी चांगली बसलेली आहेत, परंतु ध्वनिमुद्रणाचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर गटात दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की, स्टुडिओत प्रत्येकाने हेडफोन लावून आपापला भाग स्वतंत्रपणे गावा, म्हणजे एखाद्याचे चुकले तर तेवढेच पुन्हा घेता येईल. उरलेल्यांना वाटते की, उंच छताच्या एखाद्या दगडी वास्तूत सर्वांनी एकत्र उभे राहून गावे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

दुसरी अडचण सुराची आहे. गाणे संपेपर्यंत आमचा सूर किंचित उतरतो. कार्यक्रमात ते कोणाच्या ध्यानात येत नाही, पण तुकडे जोडताना ते उघडे पडेल अशी भीती वाटते. शिवाय आमच्या यादीत काही गाणी फार जुनी, तर काही विसाव्या शतकातली आहेत. त्यांच्या परवानग्यांबाबतही कोणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

उत्तर: ध्वनिलेखक

संथ, स्वरमेळावर उभी असलेली गाणी हाच अल्बमचा गाभा असेल, तर सर्वांनी एकत्रच गावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतंत्रपणे गायलेला प्रत्येक भाग निर्दोष असू शकतो, आणि तरीही सहा निर्दोष भाग एकावर एक ठेवले की त्यांचा गट होत नाही. एकत्र गाताना शेजाऱ्याचा श्वास ऐकून आपण आपला श्वास घेतो, त्याचा ‘आ’ जितका मोकळा असेल तितकाच आपला मोकळा करतो आणि बेसचा आवाज दबला तर नकळत आपणही आवाज कमी करतो. हेडफोनमधून ही देवाणघेवाण फार थोडी होते. शिवाय, एकट्याचे चुकले तर एकट्याचेच पुन्हा घेऊ, ही सोय कागदावर जितकी मोठी दिसते तितकी ती नसते, कारण पहिला गायक पुढे कोण कसे गाणार आहे हे न ऐकताच गात असतो.

जागा निवडताना मात्र केवळ प्रतिध्वनीच्या मोहात पडू नये. रिकाम्या सभागृहाच्या मधोमध एकदा टाळी वाजवून पाहा आणि नाद विरायला किती वेळ लागतो ते ऐका. दीड-दोन सेकंदांचा नाद संथ कॅरोलला, म्हणजे नाताळच्या गाण्याला, शोभून दिसतो. चार सेकंदांच्या नादात शब्द वाहून जातात, आणि एकदा मुद्रित झालेला नाद नंतर धड काढताही येत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती शांतता. पंखे, वातानुकूलन, गुणगुणणारे दिवे, शेजारच्या खोलीतला फ्रिज, रस्त्यावरची वाहने यांचा आवाज आपले कान सहज गाळून टाकतात, पण माइक तसे करत नाही. ज्या वेळी ध्वनिमुद्रण करायचे असेल, नेमक्या त्याच वेळी आदल्या आठवड्यात तिथे अर्धा तास गप्प बसून यावे. जमेल तर रात्रीची वेळ निवडावी.

उभे राहताना मोठे अर्धवर्तुळ करू नका. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे टोकाचे दोन गायक सहा मीटरांवर असले तर एकमेकांना ते जवळजवळ 18 मिलिसेकंद उशिरा ऐकतात, आणि शब्दांच्या शेवटची व्यंजने विस्कळीत होतात. दीड-दोन मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ पुरे, आणि बेसला मध्यभागी उभे करावे, म्हणजे सर्वांना आधार सारखाच मिळतो. समोर, डोक्यांच्या थोडे वर, दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) माइकांची एक जोडी लावावी. दोन माइकांत 17 सेंटिमीटर अंतर आणि 110 अंशांचा कोन ही ओआरटीएफ नावाची जुनी मांडणी लहान गटाला फार चांगली मानवते. जोडी पुढेमागे सरकवून गट आणि जागा यांचे प्रमाण ठरवावे; मिक्सिंगमध्ये, म्हणजे मुद्रित आवाजांचे प्रमाण नंतर जुळवताना, जे करण्यासाठी तास जातात ते इथे एका पावलात होते. प्रत्येकासमोर आणखी एक माइक लावण्याचा हट्ट कोणी धरलाच, तर दोन माइकांमधले अंतर गायक आणि त्याच्या माइकमधल्या अंतराच्या निदान तिप्पट असावे, नाहीतर एकच आवाज दोन माइकांत मागेपुढे पोहोचून पोकळ वाटू लागतो. मुद्रण 24 बिटचे ठेवून सर्वांत मोठा आवाजही −10 डेसिबलच्या खालीच राहील अशी पातळी लावली, तर पुढे चिंता राहत नाही.

आता तुकडे जोडण्याविषयी. प्रतिध्वनी असलेल्या जागेत चुकलेल्या जागेपासूनच पुन्हा सुरू केले, तर जोड लगेच कळतो, कारण त्याआधीच्या स्वराचा नाद नव्या टेकमध्ये, म्हणजे नव्याने केलेल्या मुद्रणात, नसतो. म्हणून नेहमी दोन ओळी आधीपासून गावे आणि चुकीच्या पुढेही एक ओळ गात राहावे. शेवटचा स्वर सुटल्यावर नाद पूर्ण विरेपर्यंत कोणीही हलू नये, कागद खाली ठेवू नये, हसू नये. सुंदर टेक वाया जातात ते बहुधा इथेच. करकरणारे बूट दाराबाहेर काढावेत. आणि कोणी गात नसतानाचा त्या जागेचा अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावा, कारण दोन गाण्यांमधली शांतता भरायला तोच उपयोगी पडतो.

उत्तर: वृंदसंचालक

एकत्र गाण्याविषयी वर लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. सुराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो.

सूर उतरतो तेव्हा दोष नेहमी गायकांच्या आळसाचाच असतो असे नाही. वाद्यांशिवाय गाणारा चांगला गट आपोआप शुद्ध स्वरांतरांकडे झुकतो. तानपुरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो पियानोच्या किंवा पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि स्वरमेळात तोच गोड लागतो. अडचण पुढे येते. षड्जावरच्या स्वरमेळापासून निघून धैवत, ऋषभ आणि पंचम यांवरचे स्वरमेळ घेत पुन्हा षड्जावर येणारा प्रवास कॅरोलांत ठायी ठायी आढळतो. त्यातले प्रत्येक स्वरांतर शुद्ध ठेवले आणि सामाईक स्वर जिथल्या तिथे धरून ठेवले, तर एका फेरीअखेर षड्ज सुमारे 22 सेंट खाली आलेला असतो. अशा पाच फेऱ्या झाल्या की गट एका अर्धस्वराहूनही अधिक उतरतो, आणि तेही कोणीही बेसुर न होता! म्हणून गांधार जरूर शुद्ध घ्यावा, पण बेस आणि पंचम धरणारा आवाज या दोघांनी षड्जाची आठवण ठेवण्याची जबाबदारी वाटून घ्यावी. तालमीत मंद आवाजात षड्जाचा अखंड सूर लावून त्यावर संपूर्ण गाणे गाऊन पाहिले, तर नेमक्या कोणत्या ओळीत घसरण होते ते लगेच सापडते. आमच्या अनुभवात ती बहुतेक वेळा उतरत्या ओळींत आणि एकाच स्वरावर अनेक अक्षरे आली की होते.

एका गाण्यात चार कडवी असतील, तर प्रत्येक कडव्याआधी नव्याने सूर घेऊन ती सुटी मुद्रित करण्याचा मोह होतो. तसे केले की पहिल्या कडव्याच्या शेवटी उतरलेला सूर आणि दुसऱ्याचा नवा सूर यांच्यामध्ये पायरी ऐकू येते. त्यापेक्षा आधी संपूर्ण गाणे निदान दोनदा सलग घ्यावे, त्यांतला एक टेक आधार म्हणून ठरवावा, आणि दुरुस्तीचा तुकडा गाण्यापूर्वी पट्टी सूरपेटीवरून न घेता त्या आधारटेकमधली अगोदरची ओळ ऐकून घ्यावी. तीन मिनिटांत सगळा गट मिळून थोडासा उतरला असेल, तर श्रोत्याला ते खटकत नाही. जोडाच्या जागी एकदम चढला तर मात्र खटकते. गाणे मूळ पट्टीत हट्टाने उतरत असेल, तर पट्टी अर्धा स्वर वर किंवा खाली करून पाहावी. याचे समाधानकारक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही, पण उपाय पुष्कळदा लागू पडतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी कॅरोलांत ओळीअखेर ‘स’ फार येतो. सहा जणांचे सहा ‘स’ माइकला सापाच्या फुत्कारासारखे ऐकू येतात. शेवटचा ‘स’ एकाच गायकाने म्हणावा आणि इतरांनी स्वरावरच थांबावे. लांबलचक ओळींत श्वास कोणी कुठे घ्यायचा हेही कागदावर नोंदवून ठेवावे, आणि दोघांनी एकाच जागी तो घेऊ नये.

सलग तीन तासांपेक्षा जास्त गाऊ नका. एवढ्या वेळात दहा-बारा मिनिटांचे पक्के संगीत हाती लागले तर दिवस चांगला गेला असे समजावे. बेसचे खर्जातले स्वर सकाळी अधिक भरदार लागतात, तेव्हा रात्रीच्या शांततेचा सल्ला मला त्या गाण्यांपुरता तरी मान्य नाही.

उत्तर: हक्कनोंद

परवानग्यांबाबत एकच सूत्र लक्षात ठेवावे: गाण्याचे शब्द, चाल, भाषांतर आणि तुम्ही गाता ती स्वरमांडणी या चार वेगवेगळ्या गोष्टी असून प्रत्येकीचा हक्क वेगळा असू शकतो. ‘सायलेंट नाइट’चे मूळ जर्मन शब्द योझेफ मोर यांनी 1816 मध्ये लिहिले आणि फ्रान्झ क्सावर ग्रूबर यांनी 1818 मध्ये त्यांना चाल लावली, ते गाणे सर्वांसाठी खुले आहे, पण तुमच्या हातातली सहा आवाजांची मांडणी एखाद्या हयात संगीतकाराची असेल, तर त्याची परवानगी लागेलच. ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ची चाल रचणारे मिकोला लिओन्तोविच 1921 मध्ये वारले, परंतु प्रचलित इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्की यांचे, 1936 चे आहेत, आणि ते स्वतः 1978 पर्यंत हयात होते. क्रिस्तिना रोझेटी यांच्या ‘इन द ब्लीक मिडविंटर’ या कवितेला तर दोन प्रसिद्ध चाली आहेत. गुस्ताव होल्स्ट 1934 मध्ये वारले, हॅरल्ड डार्क 1976 मध्ये. संरक्षणाची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर कुठे 50, कुठे 60, तर पुष्कळ देशांत 70 वर्षे आहे, त्यामुळे तीच कविता एका चालीत मोफत, तर दुसऱ्या चालीत परवानगीची ठरू शकते. ‘व्हाइट ख्रिसमस’सारखी 1942 ची लोकप्रिय गाणी जवळपास सगळीकडे संरक्षित आहेत.

संरक्षित गाणे गायला बंदी आहे असा याचा अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी ध्वनिमुद्रणासाठीचा यांत्रिक परवाना ठरीव शुल्कात मिळतो. मात्र शब्द बदलायचे किंवा स्वतः नवी मांडणी करायची असेल, तर प्रकाशकाला आधी लिहून विचारावे, आणि उत्तर यायला महिने लागू शकतात हे गृहीत धरावे.

मध्यसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. षड्ज आपोआप उतरण्याचा हिशेब वाचून आमच्यातली बरीच भांडणे मिटतील असे दिसते. एक शंका राहिली. यादीतली दोन गाणी जलद आहेत, आणि त्यांत एक टेनर तोंडाने तालवाद्याचे आवाज काढतो. तीही त्याच दगडी वास्तूत घ्यावीत का?

उत्तर: ध्वनिलेखक

नाही. त्या दोन गाण्यांसाठी तुमच्यातला पहिला तट बरोबर आहे. तोंडाने वाजवलेला ताल दोन सेकंदांच्या नादात चिखल होऊन बसतो. तो कोरड्या खोलीत, माइक ओठांपासून जवळ धरून, स्वतंत्रपणेच घ्यावा. आधी क्लिक ट्रॅकवर, म्हणजे हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर, सर्वांनी मिळून एक कच्चे मार्गदर्शक गायन मुद्रित करावे, मग त्यावर प्रथम ताल आणि बेस, नंतर मधले आवाज आणि शेवटी मुख्य चाल, असा क्रम ठेवावा. गाताना हेडफोनचा एक कान मोकळा ठेवला तर सूर सांभाळणे सोपे जाते, पण त्या बाजूचा आवाज बंद करायला सांगा, अन्यथा क्लिकची टिकटिक माइकमध्ये शिरते.

दोन्ही प्रकारची गाणी एकाच अल्बममध्ये परकी वाटू नयेत, म्हणून कोरड्या गाण्यांना मिक्सिंगमध्ये त्या वास्तूच्या नादाशी मिळताजुळता, पण त्याहून आखूड रिव्हर्ब (कृत्रिम प्रतिध्वनी) द्यावा, आणि अल्बमच्या क्रमात ती दोन्ही लागोपाठ न ठेवता पांगवावीत. मास्टरिंग (अल्बमवरचा शेवटचा ध्वनिसंस्कार) करणाऱ्याला आवाज फार मोठा करू नका असे बजावून सांगा. स्पॉटिफाय तो −14 आणि ॲपल म्युझिक −16 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा लहान होते आणि संथ कॅरोलातले चढउतार मात्र कायमचे जातात.

राहता राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. या अल्बमला वर्षातले पाच-सहा आठवडेच श्रोते मिळतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सर्वत्र उपलब्ध असायला हवा असेल, तर गायन जून-जुलैपर्यंत आटोपलेले बरे, आणि एलपी काढायची असेल तर त्याहूनही आधी, कारण ती छापून यायला महिने लागतात. तिच्या एका बाजूला वीसेक मिनिटेच चांगली मावतात. तुमची चाळीस मिनिटे त्यात जेमतेम बसतील, तेव्हा बारावे गाणे घ्यायचे की नाही ते आताच ठरवून टाका.